देशात, शेजारी की सोयरिकीत?

हंगेरीतील 'टार्की' या समाजशास्त्रीय संशोधन संस्थेने २००६ साली एक पाहणी केली. आसरा मागायला येणाऱ्या निरनिराळ्या लोकसमूहांची नावे घेऊन, 'यांना देशात येऊ द्यावे का?' असा प्रश्न नागरिकांना विचारण्यात आला. अरब, चिनी, रशियन अशी ओळखीची नावे त्या यादीत होती. त्यांच्या जोडीला आणखी एक नाव होते : पिरेझ. निम्म्याहून अधिक लोकांनी पिरेझांना येऊ देऊ नये असे सांगितले.

पिरेझ नावाचे लोक पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाहीत. संशोधकांनी ते नाव मनाने तयार केले होते.

ही हकीकत ऐकून हंगेरीच्या लोकांना हसणे सोपे आहे. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. जे लोक अस्तित्वातच नाहीत, त्यांनी कोणाची नोकरी घेतलेली नाही, कोणाच्या गल्लीत गोंगाट केलेला नाही. तरीही त्यांच्याविषयी ठाम मत तयार होते. म्हणजे परक्यांविषयीचे मत हे त्या परक्यांच्या वागण्याचे प्रतिबिंब असतेच असे नाही. मग ते कशाचे प्रतिबिंब असते? आणि एका देशात ते स्वागताचे व दुसऱ्या देशात नकाराचे का असते?

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे ३० कोटी ४० लाख लोक आपल्या जन्मदेशाबाहेर राहत होते. जगाच्या लोकसंख्येच्या हे ३.७ टक्के होतात. जन्मदेशाबाहेर राहणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे ती भारतात जन्मलेल्यांची. या कोट्यवधी माणसांना कोठे राहता येईल, काम करता येईल, मुलांना शाळेत घालता येईल हे पुष्कळदा तेथील जनमतावर ठरते. म्हणून ते मत कसे मोजतात आणि कसे बदलते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

मोजपट्टी कोणती?

लांबी मोजायला पट्टी असते, तापमान मोजायला तापमापक. मत मोजायला काय?

या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी १९२५ साली टाकले. त्यांनी 'सामाजिक अंतर' मोजण्यासाठी सात पायऱ्यांची एक शिडी बनवली. अमुक समूहाचा माणूस तुम्हाला नातेवाईक म्हणून चालेल का? जिवलग मित्र म्हणून? शेजारी म्हणून? बरोबर काम करणारा म्हणून? देशाचा नागरिक म्हणून? की केवळ पाहुणा म्हणून? की देशात पाऊलच ठेवू नये? माणूस ज्या पायरीवर 'इथपर्यंत चालेल' म्हणतो, तेवढे त्याच्या मनातले अंतर. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार यांतला फरक ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला ही शिडी वेगळी समजावून सांगायला नको.

'गॅलप' या संस्थेने अलीकडच्या काळात हीच कल्पना तीन पायऱ्यांत बसवली. दुसऱ्या देशांतून आलेले लोक आपल्या देशात राहतात, हे चांगले की वाईट? असा माणूस तुमचा शेजारी झाला तर? त्याचे लग्न तुमच्या जवळच्या नात्यात झाले तर? 'चांगले' या उत्तराला ३ गुण, 'सांगता येत नाही' किंवा 'परिस्थितीवर अवलंबून' याला १ गुण, 'वाईट' याला ० गुण. कमाल गुण ९. समजा, एकाने पहिल्या दोन प्रश्नांना 'चांगले' म्हटले आणि लग्नाच्या प्रश्नावर तो घुटमळला, तर त्याचे ३ + ३ + १ म्हणजे ७ गुण झाले. देशातील सर्व उत्तरदात्यांची सरासरी म्हणजे त्या देशाचा निर्देशांक.

२०१६-१७ मध्ये १४० देशांत हे प्रश्न विचारले गेले तेव्हा जगाची सरासरी ५.२९ आली. सर्वांत वर आइसलँड (८.२६), न्यूझीलंड (८.२५), रवांडा (८.१६) आणि कॅनडा (८.१४) हे देश होते. सर्वांत खाली होते मॅसिडोनिया (१.४७), माँटेनेग्रो (१.६३) आणि हंगेरी (१.६९). मॅसिडोनियाचे नाव २०१९ पासून उत्तर मॅसिडोनिया असे झाले आहे. एकाच मोजपट्टीवर एक देश आठाच्या वर आणि दुसरा दोनाच्या खाली, एवढा हा फरक आहे. वरच्या चारांत रवांडासारखा गरीब देश आहे, हेही लक्षात ठेवावे. स्वागत ही केवळ श्रीमंतांची चैन आहे, असे या यादीवरून म्हणता येत नाही.

संख्येचे कोडे

इतक्या मोठ्या फरकाचे कारण काय? चटकन सुचणारे उत्तर असे, की जेथे परके फार तेथे नाराजी फार. पाण्यात जितके मीठ जास्त तितका खारटपणा जास्त, तसेच.

हा तर्क तपासून पाहू. 'प्यू' या अमेरिकी संशोधन केंद्राने २०१८ साली १८ देशांत विचारले, की स्थलांतरितांच्या कष्टांमुळे व गुणांमुळे देशाला बळ मिळते, की ते नोकऱ्या व सवलती घेत असल्यामुळे त्यांचा भार होतो? 'बळ मिळते' म्हणणारे कॅनडात ६८ टक्के, ऑस्ट्रेलियात ६४ टक्के, अमेरिकेत ५९ टक्के होते. हंगेरीत मात्र ते अवघे ५ टक्के आणि ग्रीसमध्ये १० टक्के होते. आता लोकसंख्या पाहा. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत २३ टक्के लोक बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते. ऑस्ट्रेलियात हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आहे. हंगेरीत ते २०१८ साली जेमतेम पाच-सहा टक्के होते. म्हणजे मिठाचा तर्क येथे उलटाच झाला.

तर मग 'परके जितके जास्त तितके स्वागत जास्त' असा नियम मांडायचा का? तोही टिकत नाही. त्याच पाहणीत जपानमध्ये ५९ टक्के लोकांनी 'बळ मिळते' असे म्हटले. जपानमध्ये त्या वेळी परदेशी नागरिकांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते. संख्या आणि मत यांना जोडणारी सरळ रेषा काढता येत नाही.

तुलना करताना आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली अशी, की पाहणीत देशातील रहिवाशांना विचारले जाते आणि त्या रहिवाशांत स्थलांतरितही असतात. कॅनडात त्यांचे प्रमाण मोठे असल्याने त्यांची अनुकूल उत्तरेही सरासरीत मिसळतात. ६८ आणि ५ यांतला सगळा फरक यामुळे पडत नाही, पण काही भाग पडतो.

दुसरी गोष्ट हंगेरीची. तेथे 'परदेशात जन्मलेले' म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांतले पुष्कळसे रुमानिया, युक्रेन, सर्बिया या शेजारच्या देशांतून आलेले हंगेरियन भाषकच आहेत. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या ट्रिआनॉन तहाने हंगेरीच्या सीमा आक्रसल्या आणि लाखो हंगेरियन भाषक सीमेपलीकडे राहिले. त्यांच्यातून येणारा माणूस सामान्य हंगेरियनाला परका वाटत नाही. 'स्थलांतरित' हा शब्द ऐकल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र उभे राहते. २०१५ साली हंगेरीत सुमारे १ लाख ७७ हजार लोकांनी आश्रयासाठी अर्ज केले. त्यांतले बहुतेक तेथे राहिले नाहीत, ऑस्ट्रिया व जर्मनीकडे निघून गेले. पण त्याच वर्षी सरकारने रस्तोरस्ती फलक लावले. येथे आलात तर आमच्या लोकांच्या नोकऱ्या घेऊ नका, आमचे कायदे पाळा, अशी ताकीद त्यांवर परक्यांना दिलेली होती. ती लिहिली होती हंगेरियन भाषेत, जी त्या परक्यांना वाचता येत नव्हती. फलकाचा खरा वाचक कोण होता, हे उघड आहे.

सारांश, लोक मत देतात ते शेजारी राहणाऱ्या प्रत्यक्ष माणसाविषयी नव्हे, तर मनातल्या चित्राविषयी. पिरेझांची गोष्ट हेच सांगते.

मनातला आकडा

हे चित्र किती फुगलेले असते, तेही मोजले गेले आहे. 'इप्सॉस' या संस्थेने २०१४ साली १४ देशांतील लोकांना विचारले, की तुमच्या देशात शंभरातले किती जण बाहेरून आलेले असतील? इटलीतील लोकांचा सरासरी अंदाज होता ३०. खरा आकडा होता ७. अमेरिकेत अंदाज ३२, खरा आकडा १३. कॅनडात अंदाज ३५, खरा आकडा २१.

यावरून दोन घाईचे निष्कर्ष निघू शकतात. एक असा, की लोक द्वेषामुळे आकडा फुगवतात. डेव्हिड लँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याला वेगळे उत्तर दिले आहे. ज्याची आपल्याला नीट खात्री नसते असे कोणतेही लहान प्रमाण माणूस वाढवून सांगतो आणि मोठे प्रमाण कमी करून सांगतो. अंदाज मध्याकडे ओढला जातो. हा केवळ परक्यांच्या संख्येचा दोष नाही, आपल्या अंदाज करण्याच्या पद्धतीचाच तो गुण आहे. कॅनडाचे लोकही आकडा फुगवतात, तरी त्या वेळी ते स्वागतशीलच होते, हेही येथे आठवावे.

दुसरा घाईचा निष्कर्ष आपल्या शिक्षकांना विशेष मोह पाडणारा आहे : खरा आकडा सांगितला की मत बदलेल. अमेरिकेत हे प्रयोग करून पाहिले गेले. काही लोकांना खरे प्रमाण सांगितले, काहींना सांगितले नाही. ज्यांना सांगितले त्यांचा अंदाज सुधारला, मत मात्र जवळजवळ जागचे हलले नाही. अल्बेर्तो आलेसिना आणि सहकाऱ्यांनी युरोप व अमेरिकेतील सहा देशांत केलेल्या मोठ्या अभ्यासातही असेच दिसले. आकड्यांपेक्षा एका कष्टाळू स्थलांतरिताच्या दिवसाची साधी हकीकत थोडा अधिक परिणाम करून गेली. आकडे शिकवू नयेत असा याचा अर्थ नव्हे. आकडा चुकीचा असणे हे रोगाचे लक्षण असू शकते, कारण नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

'किती' आणि 'कोण'

मग कारण पोटापाण्याचे असेल का? माझी नोकरी जाईल ही भीती? तसे असेल तर मजुराचा विरोध मजुराला व्हायला हवा आणि अभियंत्याचा अभियंत्याला. जेन्स हाइनम्युलर आणि मायकेल हिस्कॉक्स यांनी २००७-०८ मध्ये अमेरिकेत ही शंका तपासली. त्यांनी उत्तरदात्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला उच्च कौशल्याच्या लोकांविषयी विचारले, दुसऱ्याला कमी कौशल्याच्या लोकांविषयी. बाकी प्रश्न अगदी सारखाच. निकाल असा आला, की शिकलेले काय आणि कमी शिकलेले काय, दोन्ही प्रकारच्या अमेरिकनांनी उच्च कौशल्याच्या लोकांनाच पसंती दिली. म्हणजे लोक 'माझे काय होईल' यापेक्षा 'देशाचे काय होईल' याचा विचार अधिक करत होते.

युरोपातील १५ देशांत १८,००० नागरिकांवर केलेला असाच एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला आश्रय मागणाऱ्या काल्पनिक व्यक्तींच्या जोड्या दाखवल्या. वय, व्यवसाय, भाषा, धर्म, देश सोडण्याचे कारण हे तपशील चिठ्ठ्या टाकून बदललेले होते. ज्यांना काम मिळण्याची शक्यता अधिक, ज्यांच्या सांगण्यात विसंगती नाही आणि ज्यांचे हाल अधिक झाले आहेत, अशांना लोकांनी पसंती दिली. त्याच वेळी, बाकी सगळे सारखे असताना मुस्लिम अर्जदाराला ख्रिस्ती अर्जदाराहून कमी पसंती मिळाली. म्हणजे देशाच्या भल्याचा विचार आणि धर्माविषयीचा पूर्वग्रह हे दोन्ही एकाच मनात नांदत होते.

या पाहणीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. या पसंतीचा क्रम पंधराही देशांत बराचसा सारखा निघाला. 'किती जणांना घ्यावे' यावर देशादेशांत मोठे मतभेद आहेत, 'कोणाला घ्यावे' यावर मात्र बरेच एकमत. कॅनडाने १९६७ पासून शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देऊन माणसे निवडण्याची पद्धत ठेवली. लोकांना ज्या प्रकारचा स्थलांतरित मान्य असतो, तसाच तेथे बहुतांशी येत राहिला. कॅनडाच्या उदार मताचे श्रेय स्वभावाला द्यायचे की तीन बाजूंनी समुद्र व चौथ्या बाजूला अमेरिका या भूगोलाला, हा वर्गात चर्चेला घेण्याजोगा प्रश्न आहे.

वेग आणि शिस्त

मत स्वभावात मुरलेले असते, तर ते दोन-चार वर्षांत बदलले नसते. पण ते बदलते.

व्हेनेझुएलातील आर्थिक कोसळणीमुळे २०१५ नंतर सत्तर लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. त्यांतले बरेच कोलंबिया, पेरू आणि इक्वेडोर येथे आले. गॅलपच्या निर्देशांकावर पेरू व इक्वेडोर २०१६ साली सहाच्या वर होते. २०१९ साली दोघेही चाराच्या खाली आले. येणाऱ्यांची भाषा तीच स्पॅनिश, धर्मही बहुतांशी तोच. तेव्हा भाषा-धर्माचे अंतर हे नाराजीचे एकमेव कारण नसते. थोड्या काळात फार माणसे आली, शाळा-दवाखाने अपुरे पडू लागले, की सख्ख्या शेजाऱ्याविषयीचे मतही आंबते.

कॅनडाचीही गोष्ट अशीच पुढे गेली. तेथील एन्व्हायरॉनिक्स संस्थेच्या पाहणीत 'देशात फारच स्थलांतरित येत आहेत' असे म्हणणारे २०२२ साली २७ टक्के होते. २०२३ साली ते ४४ टक्के आणि २०२४ साली ५८ टक्के झाले. त्या काळात विद्यार्थी आणि तात्पुरते कामगार मोठ्या संख्येने आले, एका वर्षात लोकसंख्या तीन टक्क्यांहून अधिक वाढली आणि घरांची टंचाई झाली. २०२४ च्या जानेवारीत सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्याची झळ भारतीय विद्यार्थ्यांना सर्वाधिक बसली, कारण त्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती. तरीही त्याच पाहणीत, स्थलांतरितांमुळे अर्थव्यवस्थेला फायदा होतो असे मानणारे बहुमतातच राहिले. 'फार आले' आणि 'वाईट आले' ही दोन वेगळी विधाने आहेत.

अमेरिकेत गॅलप १९६५ पासून विचारत आहे, की येणाऱ्यांची संख्या वाढवावी, तेवढीच ठेवावी की कमी करावी. 'कमी करावी' म्हणणारे २०२० साली २८ टक्के, २०२४ साली ५५ टक्के आणि २०२५ साली ३० टक्के होते. २०२३ च्या अखेरीस मेक्सिकोच्या सीमेवरून विनापरवाना येणाऱ्यांची संख्या उच्चांकाला पोहोचली होती. २०२५ मध्ये ती अगदी खाली आली. देशात राहणाऱ्या परक्यांची एकूण संख्या एका वर्षात अर्ध्यावर आली नव्हती, मत मात्र झपाट्याने सैलावले. ब्रिटनमध्येही २०१६ च्या सार्वमतानंतर काही वर्षे मत सौम्य होत गेले आणि पुढे येणाऱ्यांची संख्या फार वाढल्यावर ते पुन्हा कडक झाले. अशा उदाहरणांवरून संशोधक सुचवतात, की 'दार आपल्या ताब्यात आहे' ही भावना नुसत्या संख्येइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक महत्त्वाची ठरते.

पाहणे आणि भेटणे

परक्यांच्या सहवासाने मन निवळते की कडवट होते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली यावर एक गृहीतक मांडले. सहवासाने पूर्वग्रह कमी होतो, पण काही अटींवर. दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, सहकार्य हवे आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. २००६ साली थॉमस पेटिग्र्यू व लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. एकूण कल ऑलपोर्ट यांच्या बाजूने पडला. त्या चार अटी असल्या तर परिणाम अधिक होतो, असेही दिसले.

पण नुसते पाहणे म्हणजे सहवास नव्हे. रायन इनोस यांनी बॉस्टनच्या उपनगरांतील रेल्वे स्थानकांवर एक प्रयोग केला. काही फलाटांवर रोज ठरावीक गाडीच्या वेळी स्पॅनिश बोलणारी दोन माणसे येऊन उभी राहत. एवढेच. तीन दिवसांनी त्या गाडीच्या प्रवाशांची मते स्थलांतराच्या बाबतीत अधिक कडक झालेली आढळली. दहा दिवसांनी मात्र तो कडकपणा काहीसा ओसरला होता. रोज दिसणारी माणसे हळूहळू सवयीची होऊ लागली होती.

२०१५ साली युरोपात हाच फरक मोठ्या प्रमाणावर दिसला. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या ग्रीक बेटांवर लाखो निर्वासित उतरले आणि पुढे निघून गेले. रहिवाशांनी त्यांना पाहिले, पण ओळख होण्याइतका वेळ मिळाला नाही. दूरच्या बेटांशी तुलना करता या बेटांवरील मते अधिक प्रतिकूल झाली. याउलट ऑस्ट्रियाच्या उत्तरेकडील प्रांतात ज्या गावांनी निर्वासितांना आपल्यात ठेवून घेतले, तेथे स्थलांतरविरोधी पक्षाची मते इतर गावांच्या तुलनेत कमी पडली. त्याच प्रांतात सीमेजवळची जी गावे केवळ वाटेवर होती, तेथे ती वाढली. लोंढा पाहणे वेगळे आणि दुकानात, शाळेत, चर्चमध्ये माणसाला भेटणे वेगळे.

मुंबईचा दाखला

हे सगळे निष्कर्ष युरोप-अमेरिकेचे. ते जसेच्या तसे सर्वत्र लागू पडतील का? याचे उत्तर देणारा एक अभ्यास आपल्याजवळच झाला आहे. स्थलांतर देशाबाहेरूनच होते असे नाही, देशातल्या देशातही होते, आणि मुंबईला 'परप्रांतीय' हा शब्द नवा नाही. निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी मुंबईकरांची प्रातिनिधिक निवड करून, घरोघरी जाऊन, बाहेरून येणाऱ्यांविषयीची मते प्रयोगाच्या पद्धतीने तपासली. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. येथे स्वतःच्या पोटापाण्याचा विचार मध्यवर्ती ठरला. बहुसंख्य समाजातील उत्तरदात्यांनी येणाऱ्याच्या धर्माकडे फारसे लक्ष दिले नाही. अल्पसंख्य समाजातील उत्तरदात्यांच्या मनात मात्र आर्थिक चिंता आणि आपल्या माणसांची संख्या वाढली तर सुरक्षितता वाढेल ही भावना, या दोन गोष्टींची ओढाताण दिसली.

अमेरिकेत जे कारण क्षीण ठरले, तेच मुंबईत प्रबळ ठरले. एका देशातला निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी नेताना तो पुन्हा तपासावा लागतो, हा धडा यातून मिळतो.

खरे बोलतात का?

एक शंका चाणाक्ष विद्यार्थी नक्की काढील. समोर बसलेल्या अनोळखी माणसाला लोक खरे मत सांगतील कशावरून? या शंकेवर एक सुंदर गणिती तोड आहे. एका गटाला तीन साधी विधाने देतात आणि 'यांतील किती तुम्हाला पटतात, फक्त संख्या सांगा' असे म्हणतात. दुसऱ्या गटाला तीच तीन विधाने आणि चौथे नाजूक विधान देतात. कोणते पटले हे कोणालाच सांगावे लागत नाही. समजा, पहिल्या गटाची सरासरी १.८ आली आणि दुसऱ्याची २.२. फरक ०.४, म्हणजे चौथे विधान सुमारे ४० टक्के लोकांना पटते. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले आणि पुरेसे मोठे असले पाहिजेत, ही अट. अमेरिकेत ही पद्धत वापरल्यावर स्थलांतराला असलेला विरोध, तोंडावर सांगितल्यापेक्षा जास्त निघाला. तेव्हा दोन देशांच्या आकड्यांतील फरकात थोडा भाग 'चारचौघांत काय बोलावे' या रीतीतल्या फरकाचाही असू शकतो.

वर्गात करून पाहा

१. मुलांना विचारा : आपल्या शाळेत डावखुरी मुले शंभरात किती असतील? प्रत्येकाचा अंदाज चिठ्ठीवर घ्या, सरासरी काढा, मग प्रत्यक्ष मोजा. त्यानंतर एखाद्या मोठ्या प्रमाणाचाही अंदाज घ्या, उदाहरणार्थ, घरी मोबाइल असलेली मुले. अंदाज मध्याकडे ओढला जातो का, ते पाहा.

२. दोन प्रकारच्या चिठ्ठ्या करा. एकीवर 'बाहेरगावच्या मुलांना आपल्या संघात घ्यावे का?', दुसरीवर 'चांगली गोलंदाजी करणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना आपल्या संघात घ्यावे का?' चिठ्ठ्या पिसून वाटा आणि होकारांची टक्केवारी काढा. प्रश्नातल्या दोन-तीन शब्दांनी किती फरक पडतो, हे फळ्यावर दिसेल.

३. वर्गात ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी आलेल्या कुटुंबांतील मुले असतील, तर त्यांना उदाहरण म्हणून उभे करू नका. त्याऐवजी प्रयोगाच्या गटांत त्यांना इतरांबरोबर समान काम द्या. ऑलपोर्ट यांच्या चार अटी आठवा. समान दर्जा, एक ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा, या चारही गोष्टी एका प्रयोगवहीत आणि एका शिक्षकाच्या हाती असतात.

'अमक्या देशाचे लोक परक्यांना मानत नाहीत' असे वाक्य वर्तमानपत्रात वाचले, की पुढचे प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावता येईल. प्रश्न नेमका काय होता? 'किती' असा होता की 'कोण' असा? कोणत्या वर्षी विचारला? त्या वर्षी तेथे काय घडत होते? उत्तर देणाऱ्याने ज्याच्याविषयी मत दिले, त्याला तो कधी भेटला होता का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पिरेझांना कोणी कधी भेटलेच नव्हते.